भरती करण्याआधी वही लिहा

घरातल्या मानसिक आजारी माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात भरती करायची वेळ आली, तर सगळ्यात आधी वही. तारीख, वेळ, काय घडलं, कोणी पाहिलं. "फार त्रास देतो हो" एवढ्यावर कुठलाही डॉक्टर किंवा मॅजिस्ट्रेट काही लिहून देत नाही. भावाच्या वेळी माझ्याकडे जाडजूड फाईल होती, वही नव्हती. डॉक्टरांसमोर तो इतका शांतपणे, मुद्देसूद बोलला की त्याच दिवशी त्याला घरी परत आणावं लागलं. माणूस परक्यांसमोर तासभर स्वतःला सावरू शकतो, हे धरूनच चाला.

वहीत काय लिहायचं तेही ठरलेलं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 89 तीन गोष्टी पाहतं: स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हात टाकणं किंवा त्याला तशी भीती वाटावी असं वागणं, आणि स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण होईल इतकी स्वतःची आबाळ. तेही अलीकडचं हवं, म्हणून तारीख हवीच. रात्रभर गाणी लावतो, मावशीला शिव्या देतो, हे वगळा. मंगळवारपासून जेवला नाही, गॅस उघडा ठेवला, शेजाऱ्यांनी पाहिलं, हे लिहा. रोज रात्री, त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलेल्या तारखा एका प्रश्नात कोसळतात.

कोर्टाची ऑर्डर दर वेळी लागत नाही. 'रिसेप्शन ऑर्डर', म्हणजे भरतीचा कोर्टाचा आदेश, ही 1987 च्या जुन्या कायद्यातली, ती आता विसरा. माणसाला रुग्णालयापर्यंत नेता येत असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीनं सही करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर 30 दिवसांपर्यंत भरती होऊ शकते. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासावं लागतं. दोघंही विचारणार: नक्की काय, कधी? वही पुढे करा. प्रतिनिधी म्हणून त्यानं आधीच कुणाचं नाव लिहून दिलंय का ते बघा. नसेल तर सही कोण करणार हे घरीच ठरवा. रुग्णालयाच्या दारात भावंडांनी वाद घालू नये.

नेताच येत नसेल तर पोलीस ठाणं. स्वतःला किंवा इतरांना धोका दिसला तर कलम 100 प्रमाणे ठाण्याच्या प्रमुखानं त्याला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही. या कलमाची झेरॉक्स जवळ ठेवा आणि वहीच्या पानांचीही. मूळ वही कुणालाही देऊ नका. मॅजिस्ट्रेटसमोर आणलं गेलं तर कलम 102 चा लेखी आदेश होऊ शकतो: सरकारी मनोरुग्णालयात तपासणीला पाठवणं, किंवा जास्तीत जास्त दहा दिवसांची भरती. हे दहा दिवस तपासणीसाठी आणि उपचार ठरवण्यासाठी आहेत. पुढची भरती पुन्हा कायद्याच्या अटींवरच, त्यामुळे आदेश मिळाला म्हणून नोंदी थांबवू नका.

जीव आत्ता धोक्यात असेल तर यातलं काही शोधत बसू नका. 112 किंवा 108 लावा. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार 72 तासांपर्यंत देऊ शकतो. "पोलीस केस होईल" या भीतीनं आत्महत्येचा प्रयत्न लपवू नका. कलम 115 अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं. रात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

बांधून नेऊ नका, चहात गोळ्या मिसळू नका. एकदा विश्वास गेला की पुढे तो घरच्यांच्या हातून औषध घेत नाही.

सोबत घ्या: आधार, केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं, दोन जोड कपडे. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. निघण्याआधी फोन करा. भरतीविरुद्ध मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागायचा त्याला हक्क आहे, त्यात आडवे येऊ नका. डिस्चार्जला गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख लेखी घ्या.