क्रीडाविज्ञान शिकताय? मोजणीतल्या या चुका टाळा

जूनमध्ये ३० मीटरची धाव हातातल्या स्टॉपवॉचवर ४.३० सेकंद. ऑगस्टमध्ये त्याच मुलाची वेळ टायमिंग गेटवर (खेळाडू किरण ओलांडताच आपोआप वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) ४.४५. शिकाऊ विद्यार्थी कोचला सांगतो, ‘सर, पोरगा मंदावलाय.’ कोच सराव वाढवतात आणि मुलगा खरोखरच थकतो.

गफलत मोजणीत झाली आहे. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदांनी कमी भरते. शंभर-दोनशे मीटरच्या शर्यतींत रूपांतरासाठी हाच आकडा धरतात. तो इथे ढोबळपणे लावला, तर जूनची वेळ ४.५४ च्या आसपास येते. म्हणजे मुलगा बहुधा सुधारलाच आहे. पण असा हिशोब जुळवत बसण्यापेक्षा दोन उपकरणांचे आकडे एकाच रकान्यात लिहायचेच नाहीत. गेट वापरताना पुढचं पाऊल पहिल्या गेटच्या अर्धा मीटर मागे ठेवा आणि ती खूण टेपने जमिनीवर करा. बूट, ट्रॅक कोरडा की ओला, दिवसाची वेळ, आदल्या दिवशीचा सराव हे आकड्याशेजारीच लिहा. पुण्याच्या पावसाळ्यात ही नोंद नसेल, तर जुलैचे आकडे मार्चच्या आकड्यांशी ताडून काही कळणार नाही.

दुसरी चूक जागच्या जागी वर मारलेली उडी मोबाइलच्या व्हिडिओवर मोजताना होते. हवेतल्या वेळेवरून उंची काढण्याचं सूत्र सोपं आहे: ९.८१ गुणिले वेळेचा वर्ग, भागिले ८. हवेत ०.५५ सेकंद म्हणजे साधारण ३७ सेंटिमीटर. व्हिडिओ साधा, सेकंदाला ३० फ्रेमचा असेल आणि एकच फ्रेम चुकली, तर उंची साडेचार सेंटिमीटरने बदलते. आठ आठवड्यांच्या चांगल्या सरावातून मिळणारी वाढही अनेकदा एवढीच असते. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तीच चूक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत येते. हात कमरेवरच राहायला हवेत. जमिनीवर येताना गुडघे दुमडले तर हवेतली वेळ फुगते, तो प्रयत्न बाद करा. असे तीन चांगले प्रयत्न घ्या आणि सर्वोत्तम धरायचा की सरासरी, हे पहिल्याच दिवशी ठरवून वर्षभर तेच पाळा.

इतकं करूनही आकडा थोडा हलतोच. किती हलतो, ते बहुतेक विद्यार्थी कधी काढतच नाहीत आणि आमच्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. दहा खेळाडूंची हीच चाचणी दोन दिवसांच्या अंतराने, त्याच वेळी, तशाच वॉर्म-अपनंतर दोनदा घ्या. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक एक्सेलमध्ये मांडा, त्या फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप) काढा आणि १.४१ ने भागा. ही तुमच्या मोजणीतली नेहमीची चूक. समजा उत्तर दीड सेंटिमीटर आलं. मग ३८ वरून ३९ वर गेलेल्या खेळाडूबद्दल ‘सुधारला’ असं ठामपणे म्हणता येत नाही. अव्वल दर्जाच्या खेळाडूंमध्ये सुधारणा बारीक असते, त्यामुळे हा आकडा माहीत नसलेला माणूस तिथे निरुपयोगी ठरतो. अभ्यासक्रम निवडतानाही हेच बघा: संख्याशास्त्र किती शिकवतात, प्रयोगशाळेचे तास किती, मैदानावरची इंटर्नशिप किती महिन्यांची. खेळाशी जोडलेला अभ्यासक्रम म्हणून बीपीएडही (शारीरिक शिक्षणाची पदवी) पुढे येतं आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंटही. पहिलं मुख्यतः शिक्षक घडवतं, दुसरं व्यवस्थापक. आणि क्रीडाविज्ञानाची पदवी म्हणजे दुखापतीवर उपचार करण्याचा परवाना नव्हे, ते काम फिजिओथेरपिस्टचं.

सरावाचा ताण विचारतानाही घोळ होतो. पद्धत साधी आहे: सराव किती जड गेला ते ० ते १० मध्ये विचारायचं आणि मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. पण ‘कसं वाटलं?’ असं सगळ्यांसमोर, कोच शेजारी उभे असताना विचारलं, तर उत्तर ‘भारी, सर’ हेच येणार. गावाकडून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला वाटतं, जास्त आकडा सांगितला तर संघातून नाव जाईल. त्याची ही भीती खरी आहे, ती समजून घ्या. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने, एकेकट्याला, मराठीत लिहिलेला तक्ता हातात देऊन विचारा: ० म्हणजे आराम, ३ मध्यम, ५ जड, ७ खूप जड, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. कोचच्या हाती हे आकडे संघनिवडीसाठी जाणार नाहीत, हे कोचशी आधी बोलून पक्कं करा.

चाचणी खेळाला साजेशी हवी. स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. अशा नेमबाजाला यो-यो टेस्टमध्ये (बीपच्या तालावर ये-जा पळण्याची दमाची चाचणी) पळवून फारसं काही हाती लागत नाही. पाठीचा टिकाव, श्वासावरचा ताबा, देहाची स्थिरता बघायला हवी. युरोपातल्या पुरुष फुटबॉलपटूंवरचे निकष पंधरा वर्षांच्या कबड्डीपटू मुलीला लावणं हीदेखील तीच चूक.

तालमीत काम करणाऱ्यांनी वजनाकडे विशेष लक्ष द्यावं. सरावाआधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन घ्या. मधे प्यायलेलं पाणी मोजा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपलीकडे गेली, तर बहुधा पुढच्या सत्राचा दर्जा घसरतो. भरपाईला प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव, मिठासकट आणि थोडं थोडं करून.

सप्लिमेंट सुचवण्याची घाई तर अजिबात नको. खाद्यसुरक्षेचा परवाना डब्यावर असला म्हणून आत बंदी असलेला पदार्थ नाही असं होत नाही. चूर्ण-काढ्यांनाही हेच लागू. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मग डबा कुणीही दिलेला असो. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदीची यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते, ती वाचा. बॅचनिहाय तपासलेला माल नसेल तर ‘नको’ म्हणा.

शेवटी अहवाल. बारा पानी पीडीएफ कोच उघडत नाहीत. चाचणी झाली त्याच संध्याकाळी अर्धं पान द्या: कोण बदललं, तो फरक मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठा आहे का आणि उद्याच्या सरावात काय बदलावं. खेळाडूंचे आकडे इन्स्टाग्रामवर टाकू नका. अठरा वर्षांखालील मुलांची चाचणी घेण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा एखाद्या अकादमीत काम मागायला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत असं अर्धं पान आणि तीन महिन्यांच्या नोंदींची वही न्या, नावं झाकून.