गाडी वॉरंटीत आहे आणि सर्व्हिसवाला म्हणतो "बसत नाही", मग काय करायचं?

शोरूममध्ये चावी देताना हार, पेढे, फोटो सगळं होतं, पण वॉरंटीचं पुस्तक कोणी उघडून दाखवत नाही. ते गाडीच्या कप्प्यात जातं आणि काहीतरी बिघडल्यावरच बाहेर निघतं. आजच काढा राव. सर्व्हिस किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी ते बघा आणि "यातलं जे आधी होईल ते" ही ओळ नीट वाचा, कारण साताऱ्यात कित्येकांची गाडी घर ते पोवई नाका आणि सणाला गावी एवढीच फिरते, किलोमीटर होतच नाहीत पण वर्ष होऊन जातं, सर्व्हिस राहून जाते आणि क्लेमच्या वेळी नेमकं तेच पुढं करतात.

फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच, त्यावरून उगाच भांडू नका. ब्रेक पॅड, वायपर असल्या झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तुमच्या तक्रारी लिहून सही घेतात तो कागद, सगळा खेळ इथंच आहे. तुम्ही दहा मिनिटं समजावून सांगता आणि तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर लिहितो "नॉइज चेक". असल्या कार्डवर सही करायची नाही. "खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरला पुढं डाव्या बाजूला खरखर, सपाट रस्त्याला येत नाही" असं त्याच्याकडून लिहून घ्या, वर तारीख आणि किलोमीटर, आणि कॉपी घ्या. नाही दिली तर फोटो काढा. कारण वॉरंटी संपल्यावर तोच आवाज परत आला तर तक्रार आधीपासूनची होती हे दाखवायला दुसरं काय आहे तुमच्याकडं? तोंडी बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, त्यांच्या तर मुळीच नाही.

इंजिन फ्लश, एसी क्लीनिंग, खालून कोटिंग, हे बिलात घुसडतात. कंपनीच्या शेड्यूलमध्ये कुठल्या पानावर आहे ते दाखवा म्हणायचं, बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो. एस्टिमेट आधी मागा, बदललेले जुने पार्ट परत मागा, पक्कं बिल तर घ्याच. बिल न देणं ही कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

आणि ते नेहमीचं, "बाहेर काम केलंत, वॉरंटी गेली". सरसकट असं नसतं. २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, १४ कार कंपन्यांना २५०० कोटींच्या वर दंड लावला होता, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की नुसतं बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून वॉरंटी काढता येणार नाही, बाहेरच्या कामामुळं जे बिघडलं तेवढंच नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, त्यामुळं या एका ऑर्डरच्या जोरावर सगळं गॅरेजला नेऊ नका, वॉरंटी आहे तोवर ठरलेली सर्व्हिस कंपनीकडंच करा. पण बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली तर विचारा की बाबा, याचा त्याचा संबंध काय? वायरिंग कापून जोडलं असेल आणि इलेक्ट्रिकलचाच प्रॉब्लेम असेल तर मात्र त्यांची बाजू खरी ठरू शकते.

नकार तोंडी घेऊच नका. "कुठल्या अटीत बसत नाही ते मेलवर द्या" एवढं म्हणा, अर्धे लोक तिथंच मॅनेजरला बोलवायला जातात. नाहीच ऐकलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, मग १९१५ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली तरी सातारकर साताऱ्यात, सांगलीकर सांगलीत. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. फक्त भांडण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत टाका, "बघू, करतो" ऐकत बसलात की ते दोन वर्ष असेच निघून जातात.