साधी पॉइंट टू-टू सुधारावी की मॅच रायफल घ्यावी?

स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्यपदक आणलं, तेव्हापासून बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मला एकच प्रश्न येतो, "ताई, साधी पॉइंट टू-टू (०.२२ इंच बोअरची रायफल) बदलून खास स्पर्धेची मॅच रायफल घेऊ का?" विचारणाऱ्याला कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं की ट्रिगर बदल, ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आवळेल. हा सल्ला चुकीचा आहे. चांगल्या ट्रिगरने तुमचा हात सुधारतो, नळी नाही.

आधी कागद. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत, म्हणून नळी किंवा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) बदलायचा विचार असेल तर पहिल्यांदा परवाना शाखेत विचारा.

मग रायफल अंगाला बसवा. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, डोळे मिटून गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. पीप साइटमधून (मागच्या बारीक भोकातून) पुढचं वर्तुळ मधोमध दिसलं नाही, तर चीक पीस (गाल टेकायची पट्टी) हलवा, मान नको.

ॲक्शन (नळी आणि बोल्ट धरणारा धातूचा भाग) स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, जोडणारे स्क्रू टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळा. लाकडी स्टॉक आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतो आणि हिवाळ्यात आकसतो, तेव्हा दिवाळीनंतर पुन्हा तपासा.

आता खरं काम, लॉट टेस्टिंग, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या एकेका खेपेची काडतुसं आपल्या नळीत तपासणं. यात मी दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवले.

पॉइंट टू-टूच्या काडतुसात बार पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. मोठ्या बोअरच्या काडतुसांसारखी ही काडतुसं घरी भरून जुळवता येत नाहीत, फक्त निवडता येतात. एकाच नावाच्या दोन डब्यांवर लॉट नंबर वेगळा असेल, तर तुमच्या नळीला त्या दोन वेगळ्या गोळ्याच आहेत.

मी एका संध्याकाळी चार लॉट घेऊन बसले होते. प्रत्येकाच्या पाच गोळ्या, एकामागून एक. चारही ग्रुप फुटले. रायफल वाईट ठरवून ट्रिगर बदलला, मग साइट बदलल्या, ग्रुप तसेच. शेवटी एका जुन्या प्रशिक्षकांनी एकाच लॉटच्या वीस गोळ्या टार्गेटकडे न बघता मातीच्या बांधात मारायला लावल्या आणि त्यानंतर ग्रुप घेतला. त्याच रायफलने, त्याच नळीने दहा गोळ्या जवळजवळ एका भोकात घातल्या. गोळीवर मेणासारखं वंगण असतं. लॉट बदलला की नळीतला जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या भटकतात. माझे चारही ग्रुप त्या भटकण्याचे होते.

म्हणून प्रत्येक लॉटच्या आधी पंधरा-वीस गोळ्या वाया घालवाच. नंतर दहा-दहाचे चार ग्रुप. स्लिंगवर (हाताला आवळायच्या पट्ट्यावर) नाही, पुढेमागे वाळूच्या पिशव्या ठेवून. सकाळी लवकर या, ऊन चढलं की वारा आणि मृगजळ दोन्ही खोटं बोलायला लागतात. एखादी गोळी बाहेर गेली तर "ती माझी चूक" म्हणून ती सोडू नका. पिशवीवर ती रायफलचीच असते.

मोजायचं कसं? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, गोळी ५.६ मिमीची, आणि कड लागली तरी दहाच मिळतात. म्हणजे गोळ्यांचे मध्य १६ मिमीच्या वर्तुळात मावले तर सगळे दहा शक्य आहेत. व्हर्नियरने ग्रुपच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ५.६ वजा करा.

चारपैकी तीन ग्रुप १६ च्या आत आले, तर रायफल ठेवा. परवान्यात बसेल तेवढा तोच लॉट घ्या आणि उरलेला पैसा साइट आणि बट प्लेटवर (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीवर) घाला. १६ ते २५ च्या मधे असाल तर स्लिंगवरचा तुमचा स्वतःचा ग्रुप शेजारी ठेवून बघा. तो याहून मोठा असेल तर अजून रायफलच तुमच्या पुढे आहे, सराव करा. चार-पाच लॉट नीट तपासूनही २५ च्या वरच राहत असेल, तर त्या रायफलवर आणखी रुपयाही घालू नका. अशा नळीला नवा स्टॉक देऊन मी पाहिलाय, ग्रुप मिलिमीटरभरही हलला नाही.

मग अनशुट्झ १९१३ (हा मॉडेल नंबर) किंवा वॉल्थर केके ५०० च्या वर्गातली मॅच रायफल घ्या, आणि माझं ठाम मत, वापरलेली घ्या. शिशाची मऊ गोळी नळी फारशी झिजवत नाही. नळीच्या तोंडाची कड मात्र भिंगातून बघा. तिथे खरवड दिसली तर सौदा सोडा. बऱ्याच नळ्या गोळ्यांनी नाही, चुकीच्या बाजूने रेटलेल्या क्लीनिंग रॉडने खराब होतात. मालकाच्या परवान्यावर, त्याच्या समोर, पिशवीवर दोन ग्रुप मारून मगच पैशांचं बोला. हे करू न देणाऱ्याकडून मी कधीच घेत नाही. हस्तांतरणाचं पत्र पोलिसांकडे आधी जाऊ द्या, रायफल नंतर.

ती हातात आली की जुन्या रायफलचा आवडता लॉट हिला चालेलच असं नाही. पुन्हा वीस गोळ्या बांधात, पुन्हा चार ग्रुप.