बॅकअप नाही किंवा जुना आहे? मायएसक्यूएल डेटाबेस परत कसा मिळवावा

डेटाबेस गेला आणि बॅकअपचं फोल्डर रिकामं निघालं, की हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरा.

आधी मायएसक्यूएल सर्व्हर चालू आहे का ते पाहा. डेटा फाइल चुकून डिलीट झाल्या असतील आणि सर्व्हरची प्रोसेस अजून चालू असेल, तर लिनक्सवर त्या फाइलमधला मजकूर डिस्कवरच असतो. उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ कमांड चालवली की त्यांच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं. अ‍ॅप्लिकेशन बंद करा, टेबलांवर रीड लॉक लावा (म्हणजे कुणी नवं काही लिहू शकणार नाही), डर्टी पेजेस, म्हणजे मेमरीत बदललेला पण अजून न लिहिलेला डेटा, डिस्कवर उतरू द्या. मग प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधून (तिथे तिच्या उघड्या फाइलींचे दुवे असतात) फाइल कॉपी करा. सर्व्हर बंद केलात, तर ही वाट कायमची बंद होते.

फाइल जागेवर आहेत पण सर्व्हर उठत नाही? मग पूर्ण डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आयबीडेटा (सामायिक डेटा फाइल), रीडू लॉग (क्रॅशनंतर सावरण्यासाठीची नोंद), बिनलॉग (डेटात झालेल्या बदलांची क्रमवार नोंद), सगळं. डिस्कच कुरकुरत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या टूलने तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. यापुढचं सगळं काम फक्त कॉपीवर करायचं.

जुना का होईना, बॅकअप सापडला तर बिनलॉग शोधा. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच. मायएसक्यूएल 8.0 मध्ये बिनलॉग आपोआप चालू असतो आणि मुदत बदललेली नसेल तर 30 दिवस राहतो. जुना डंप, म्हणजे एसक्यूएल फाइलच्या रूपातला बॅकअप, वेगळ्या सर्व्हरवर चढवा. डंप घेताना बिनलॉगमधली जागा, म्हणजे पोझिशन, नोंदवली असेल, तर ती फाइलच्या सुरुवातीलाच मिळते. तिथपासूनचे बिनलॉग मायएसक्यूएलबिनलॉग या टूलने टेक्स्ट फाइलमध्ये काढा आणि त्यात डेटा घालवणारी कमांड (उदा. टेबल काढून टाकणारी ड्रॉप टेबल) शोधा. तिच्या आधीची पोझिशन स्टॉप-पोझिशन म्हणून द्या आणि सगळ्या बिनलॉग फाइल एकाच कमांडमध्ये चालवा. मधली एकही फाइल गहाळ नसेल, तर चुकीच्या क्षणापर्यंतचा डेटा परत येतो.

बिनलॉगही नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये इनोडीबी फोर्स रिकव्हरी ही सेटिंग (बिघाड असूनही सर्व्हर उठवणारी) 1 ठेवून सर्व्हर सुरू करून पाहा. नाही उठला तर एकेकाने वाढवा. 3 पर्यंत धोका कमी असतो. 4 ते 6 मध्ये डेटा फाइल कायमच्या बिघडू शकतात. सर्व्हर उठला की लगेच एकेका टेबलाचा डंप घ्या आणि तो कोऱ्या सर्व्हरवर चढवा. एखादं टेबल अडलं तर ते सोडून पुढे जा, त्याच्याकडे नंतर बघता येईल.

हाती फक्त आयबीडी फाइल (एका टेबलाचा डेटा ठेवणारी) असेल, तर त्याच रचनेचं टेबल बनवा, डिस्कार्ड टेबलस्पेस कमांडने त्याची रिकामी फाइल काढा, तुमची फाइल तिथे ठेवा आणि इंपोर्ट टेबलस्पेसने ती जोडा. रचना आठवत नसेल तर 8.0 मध्ये आयबीडी-टू-एसडीआय हे टूल ती फाइलमधूनच वाचून दाखवतं.

शेवटी टेबलं धड आहेत का ते तपासणारी चेक टेबल कमांड चालवा आणि शेवटच्या नोंदी ईमेल, पावत्या, अ‍ॅप्लिकेशनचे लॉग यांच्याशी ताडून पाहा. त्या जुळेपर्यंत अ‍ॅप्लिकेशन नव्या डेटाबेसला जोडू नका.