टॅबलेटला जोडायचा वायरचा कीबोर्ड कसा निवडावा

टॅबलेटच्या काचेवर दोन ओळींचा निरोप सहज लिहून होतो. पानभर मजकूर लिहायचा म्हटलं, की पडद्यावरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो आणि बोटांची टोकं कठीण काचेवर आपटत राहतात. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर गावाकडच्या आठवणी टॅबलेटवर लिहायला घेतल्या, तेव्हा आठवड्याभरात त्यांचं मनगट दुखू लागलं. मी घाईघाईने फोटो बघून एक छोटासा, देखणा कीबोर्ड मागवला. तो त्यांना दोन दिवसही वापरता आला नाही. त्यानंतर मात्र नीट बघून, हात लावून दुसरा घेतला. त्या शोधात जे कळलं ते इथे क्रमाने सांगतो.

वायरचाच का, तर त्याला चार्जिंग लागत नाही, दर वेळी ब्लूटूथ जुळवत बसावं लागत नाही, आणि तेवढ्याच पैशात बहुधा चांगली बटणं मिळतात. ज्यांना रोज एकाच टेबलाशी बसून लिहायचं आहे त्यांनी वायरचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी टॅबलेटचं पोर्ट बघा

बहुतेक वायरच्या कीबोर्डला मोठी, चपटी यूएसबी पिन असते. टॅबलेटला टाइप-सी पोर्ट असेल तर छोटा ओटीजी अडॅप्टर (टॅबलेटला कीबोर्ड, माउस अशी उपकरणं जोडू देणारा) लागतो, किंवा थेट टाइप-सी पिनचा कीबोर्ड घेता येतो. जुन्या टॅबलेटला मायक्रो यूएसबी असतं. तिथे पिन नुसती आत बसून भागत नाही, अडॅप्टर ओटीजीचाच हवा. त्याच्या आत एक जादा जोडणी केलेली असते आणि तिच्यामुळेच ‘आता दुसरं उपकरण आपल्याला चालवायचं आहे’ हे टॅबलेटला कळतं. ॲपलचं स्वतःचं लाइटनिंग पोर्ट असलेल्या आयपॅडला वेगळा अडॅप्टर लागतो.

कीबोर्डवर पैसे घालण्यापूर्वी अडॅप्टरला घरातला साधा माउस लावून बघा. पडद्यावर बाण दिसला, की काम झालं. काही उपकरणांत ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, तेही तपासा. पोर्ट एकच असेल आणि तासन्‌तास लिहायचं असेल, तर लिहितानाच चार्जिंग करू देणारा हब, म्हणजे एका पोर्टला अनेक जोडण्या देणारी डबी, आत्ताच हिशेबात धरा.

तुम्ही मराठी कशी टाइप करता?

माझी चूक इथे झाली होती. वडील इन्स्क्रिप्टमध्ये लिहितात. भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी १९८६ मध्ये ठरली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. त्यामुळे इंग्रजीत ज्या बटणांवर कंस, अर्धविराम, तिरकी रेघ असली किरकोळ चिन्हं असतात, त्यांवर मराठीत रोजची अक्षरं येतात. चौकोनी कंसावर ड, अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, पुढे झुकलेल्या तिरक्या रेघेवर य आणि उलट्या तिरक्या रेघेवर ॉ. जागा वाचवायची झाली, की छोट्या कीबोर्डमध्ये नेमकी हीच उजव्या कडेची बटणं अरुंद होतात किंवा एफएन (Fn) हे जोडीचं बटण दाबल्याशिवाय मिळत नाहीत. वडिलांना ‘डॉक्टर’ हा शब्दच लिहिता येईना.

शिफ्टचंही तसंच. इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ण ही अक्षरं शिफ्ट दाबूनच येतात आणि त्यांची बटणं डाव्या हाताखाली असल्याने शिफ्ट उजव्या हाताने दाबावी लागते. साधा ‘आणि’ लिहायचा तरी उजवी शिफ्ट दोनदा लागते. बाणांची बटणं बसवण्यासाठी अनेक छोट्या कीबोर्डवर हीच शिफ्ट आखडती घेतलेली असते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास कमी. इन्स्क्रिप्टवाल्यांनी मात्र दोन्ही शिफ्ट रुंद आहेत ना, हे सगळ्यात आधी पाहावं.

बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसली तरी बिघडत नाही. कीबोर्ड टॅबलेटला फक्त ‘अमुक जागेचं बटण दाबलं’ एवढंच कळवतो, त्याचं अक्षर कोणतं हे टॅबलेट ठरवतो. सवय होईपर्यंत अक्षरांचे स्टिकर चिकटवा. पण टॅबलेटच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची तुमची मांडणी मिळते का, हे खरेदीपूर्वी जरूर बघा.

मोजपट्टी खिशात ठेवा

पूर्ण आकाराच्या कीबोर्डमध्ये एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असतं. दुकानात सोपा उपाय म्हणजे क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या उजव्या कडेपर्यंत मोजायचं. साधारण १९ सेंटीमीटर भरले तर बोटं मोकळी राहतील. १७ च्या खाली गेलं तर मोठ्या हाताच्या माणसाने तो घेऊच नये.

उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला, ८७ बटणांचा कीबोर्ड मला टॅबलेटसाठी सर्वांत योग्य वाटतो. अक्षरं पूर्ण मापाची राहतात, बाण हाताशी असतात आणि तो पिशवीत मावतो. हिशेबाचं काम असेल तर मात्र आकडे हवेतच.

दाबून बघा, नुसतं बघू नका

साध्या रबरी पडद्याच्या कीबोर्डचं बटण साडेतीन-चार मिलिमीटर खाली जातं. लॅपटॉपसारख्या चपट्या बटणांचं अंतर एक ते दोन मिलिमीटर. चपटी बटणं हलकी आणि शांत असतात, पण जोरात दाबायची सवय असलेल्यांची बोटं तळाशी आपटतात. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यातला निळा खटखट वाजतो, तपकिरी दाबताना हलका अडथळा जाणवून देतो आणि लाल सरळ खाली जातो. घरात कुणी झोपलेलं असताना लिहिणार असाल तर निळा टाळा. मेकॅनिकल कीबोर्ड वजनदार असतो. टेबलावर तो घट्ट बसतो, खांद्यावरच्या पिशवीत मात्र जाणवतो.

पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड इथल्या दुकानांत कीबोर्ड हाताळू द्या म्हणून विनंती करा. टॅबलेट आणि अडॅप्टर बरोबर न्या. कीबोर्ड जोडून ‘आणि, डॉक्टर, बाळ, चष्मा, वाऱ्यावर’ हे शब्द लिहा. मग मान वर करून, बटणांकडे न पाहता, एखादा परिच्छेद लिहा. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे बोटाला लागले पाहिजेत. स्पेसबार डाव्या टोकाला दाबा, उजव्या टोकाला दाबा. तो कुठेही अडकता कामा नये.

वायर दीड मीटरच्या आसपास असली की पुरते. ती कीबोर्डपासून सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण तुटली तर फक्त वायर बदलता येते. रंगीबेरंगी दिव्यांचा कीबोर्ड टॅबलेटला नको. ती सगळी वीज टॅबलेटच्याच बॅटरीतून जाते.

घरी आल्यावर

कीबोर्डचे मागचे पाय उघडू नका. मागची बाजू उचलली की मनगट वरच्या बाजूला वाकतं आणि दुखणं तिथेच सुरू होतं. कोपर अंगाजवळ, हात जमिनीला समांतर आणि मनगट सरळ असावं. जेवणाचं टेबल बहुतेकांना लिहायला उंच पडतं, म्हणून खुर्चीवर उशी घ्या आणि पाय टेकायला पाट ठेवा. टॅबलेट आडवा ठेवून वाकून बघू नका, दोन-तीन जाड पुस्तकांवर टेकवून तो डोळ्यांसमोर आणा. पहिले चार दिवस वीस-वीस मिनिटंच लिहा, आणि बोट किंवा मनगट दुखलं तर दुकानदाराच्या परतीच्या मुदतीतच कीबोर्ड बदलून घ्या.