विनोदी चित्रपटाचे गुणदोष कसे पारखावेत : ‘मिसेस डाउटफायर’ समोर ठेवून

विनोदी चित्रपटाचे परीक्षण लिहिताना बहुतेक जण एकाच प्रश्नापाशी थांबतात, तो म्हणजे हसू आले की नाही. हसू आले तर चित्रपट ‘धमाल’ ठरतो आणि नाही आले तर ‘पांचट’. हॉलिवूडच्या मुख्य प्रवाहातील चांगला विनोदी चित्रपट मात्र असा दोन शब्दांत निकाली काढता येत नाही, कारण त्याचे गुण आणि दोष पुष्कळदा एकाच मुळातून फुटलेले असतात. ते मूळ शोधायचे कसे, हे सांगण्यासाठी येथे एकच चित्रपट शेवटपर्यंत समोर ठेवला आहे : ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला १९९३ चा ‘मिसेस डाउटफायर’. ब्रिटिश लेखिका ॲन फाइन यांच्या १९८७ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे, त्याला उत्कृष्ट रंगभूषेचे ऑस्कर मिळाले आणि त्याने जगभरात ४४ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. हे यश परीक्षणात एका वाक्यात नोंदवावे आणि बाजूला ठेवावे, कारण गल्ला किती जमला यावरून विनोद कसा बेतला आहे हे कळत नाही.

कथानकही थोडक्यात सांगावे. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा डॅनियल हिलार्ड (रॉबिन विल्यम्स) हा व्यंगपटांना आवाज देणारा नट आहे. मुलाच्या वाढदिवसाला तो घरात जनावरांसह धुडगूस घालतो आणि कंटाळलेली पत्नी मिरांडा (सॅली फील्ड) घटस्फोट मागते. न्यायालय मुलांचा ताबा आईकडे देते आणि डॅनियलच्या वाट्याला मुलांबरोबरचे फक्त शनिवार येतात. तेव्हा रंगभूषाकार भावाच्या मदतीने तो एका वयस्क ब्रिटिश बाईचे सोंग घेतो आणि स्वतःच्याच मुलांना सांभाळायला त्या घरी नोकरीला लागतो. परीक्षणासाठी एवढे पुरे. निम्मी जागा गोष्ट सांगण्यात गेली की परीक्षणाला जागा उरत नाही.

चित्रपट किमान दोनदा पाहावा. पहिल्यांदा वही हातात घेऊ नये, इतरांबरोबर बसून मनमोकळे हसावे. दुसऱ्यांदा मात्र हशाच्या जागा टिपाव्यात आणि प्रत्येक जागेपुढे हसू कशातून आले ते लिहावे : शब्दातून, आवाजातून, शरीराच्या हालचालीतून, की प्रसंगाच्या रचनेतून. हे टिपण साधे दिसते, पण चित्रपटाचा भार कशावर आहे ते त्यातून उघड होते. ‘मिसेस डाउटफायर’च्या पहिल्या भागात आवाजाचे विनोद भरपूर आहेत. आया हवी म्हणून मिरांडाने दिलेल्या जाहिरातीतला फोन क्रमांक डॅनियल बदलून टाकतो आणि निरनिराळ्या आवाजांत तिला फोन करून एकाहून एक नकोशा उमेदवार बायका उभ्या करतो. सबटायटल वाचत हा प्रसंग पाहणाऱ्याला शब्द मिळतात, पण उच्चारांची गंमत बरीचशी निसटते. मराठी परीक्षकाने अशी जागा चित्रपटाची उणीव म्हणून नोंदवू नये, त्या ठिकाणी डोळे पडद्याच्या तळाशी न ठेवता कान उघडे ठेवून प्रसंग पुन्हा ऐकावा.

यानंतर एक प्रसंग निवडून तो बारकाईने तपासावा. दहा प्रसंगांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षा एका प्रसंगाची पूर्ण उकल वाचकाला अधिक देऊन जाते. या चित्रपटात न्यायालयाने नेमलेल्या मिसेस सेलनर डॅनियलचे नवे घर तपासायला येतात, तो प्रसंग घ्यावा. डॅनियल त्या वेळी सोंगात आहे आणि स्वतःला डॅनियलची बहीण म्हणवून घेतो. मग भाऊ आणि बहीण दोघेही घरात आहेत असे भासवण्यासाठी त्याला आलटून पालटून वेष बदलावा लागतो. त्या धांदलीत मुखवटा खिडकीतून रस्त्यावर पडतो आणि ट्रकखाली सापडतो. चेहराच गेला म्हटल्यावर तो फ्रिज उघडतो, केकच्या आयसिंगमध्ये तोंड खुपसतो आणि चेहऱ्याला सौंदर्यलेप लावला आहे अशा आविर्भावात बाहेर येतो. ते आयसिंग हळूहळू ओघळते आणि पाहुणीच्या चहात टपकते. येथे पाहण्यासारखी गोष्ट ही की प्रत्येक अडचण आधीच्या उपायातून जन्मते. लेखकांनी योगायोग एकदाच वापरला आहे, मुखवटा पडण्याचा, आणि तोही डॅनियलच्या अडचणीत भर घालण्यासाठी. संकट वाढवणारा योगायोग प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो, पण नायकाला सोडवायला धावून येणारा योगायोग त्याला खटकतो. फार्स तपासताना ही कसोटी जवळ असावी. शिवाय या धावपळीला खरी धार आहे : सेलनरबाईंचे मत प्रतिकूल झाले तर बापाची मुले दुरावणार आहेत. हा धोका काढून टाकला तर उरते ती निव्वळ पळापळ.

आता मुख्य नटाकडे वळावे, कारण अशा चित्रपटांचा डोलारा बहुधा एका ताऱ्यावर उभा असतो. रॉबिन विल्यम्स यांना ऐनवेळी संवाद रचण्याची मोकळीक देऊन कोलंबस यांनी एकाहून अधिक कॅमेरे लावले होते, म्हणजे समोरच्या कलाकारांच्या उत्स्फूर्त प्रतिक्रियाही टिपल्या जाव्यात. त्याचा फायदा पडद्यावर दिसतो. मुलांचे हसणे अनेक ठिकाणी खरे वाटते. त्याच मोकळिकीची किंमतही दिसते : काही प्रसंग आपले काम संपल्यावरही रेंगाळतात, आणि १२५ मिनिटांचा हा चित्रपट मध्ये सैल पडतो. परीक्षणात ‘अभिनय उत्तम, संकलन ढिसाळ’ असे दोन सुटे शेरे मारण्यापेक्षा हे नाते दाखवून द्यावे. ज्या उधळेपणामुळे डॅनियल मुलांना हवाहवासा वाटतो, त्यानेच त्याचा संसार मोडला आहे आणि त्यानेच चित्रपटाची लांबी वाढवली आहे.

नायकाचे पारडे जड करण्यासाठी पटकथेने कोणाला हलके केले आहे, हेही पाहावे. माझ्या मते विनोदी चित्रपटाचे खरे मोल येथे ठरते. दुसऱ्यांदा पाहताना विल्यम्स यांच्यावरून नजर काढून पूर्ण वेळ सॅली फील्ड यांच्याकडे पाहावे. पहिल्या अर्ध्या तासात मिरांडाला मजा मोडणाऱ्या बाईची भूमिका दिलेली आहे. ती घर चालवते, नोकरी सांभाळते आणि तरीही हशा तिच्या विरोधात जातो. हा दोष मोठा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत लिहावा. पण पुढे एका शांत प्रसंगात मिरांडा मिसेस डाउटफायरजवळ मन मोकळे करते आणि लग्न का मोडले ते सांगते : डॅनियलच्या सहवासात ती स्वतःच स्वतःला आवडेनाशी झाली होती. मुखवट्याआडचा नवरा हे ऐकून घेतो, आणि सतत बोलणारा हा माणूस त्या वेळी जवळजवळ काहीच बोलत नाही. फील्ड यांनी हा प्रसंग तक्रारीचा सूर टाळून, थकलेल्या प्रामाणिकपणाने केला आहे, आणि चित्रपटातला सर्वांत मोलाचा क्षण मी यालाच म्हणेन. मात्र आपण कोणापाशी बोलत आहोत हे तिला ठाऊक नाही. तिचा विश्वास असा चोरून मिळवलेला आहे, याचा जाब चित्रपट डॅनियलला पुरेसा विचारत नाही. थोरली लिडिया आणि ख्रिस यांना सोंग कळल्यावर त्यांनी ते आईपासून लपवायचे असते. मुलांवर पडलेल्या या ओझ्याकडेही पटकथा वळून पाहत नाही.

येथे ‘मोरूची मावशी’ आठवणे स्वाभाविक आहे. ब्रँडन थॉमस यांच्या इंग्रजी नाटकावरून आचार्य अत्रे यांनी रचलेल्या त्या नाटकातही पुरुषाने घेतलेले बाईचे सोंग आहे, पण तिथे मोडलेला संसार आणि दुखावलेली मुले नाहीत, म्हणून मावशीला आपण नैतिक प्रश्न विचारत नाही. ‘मिसेस डाउटफायर’ने घटस्फोटासारखे खरे दुःख पायाशी घेतले आहे, त्यामुळे त्याला हे प्रश्न विचारणे न्याय्यच ठरते. ज्या चित्रपटाने जेवढे गांभीर्य मागितले, तेवढ्याच गांभीर्याने त्याची तपासणी करावी.

प्रतिस्पर्ध्याचीही हीच गत आहे. पिअर्स ब्रॉस्नन यांनी साकारलेला स्टू हा मिरांडाच्या जवळ येऊ पाहणारा, मुलांशी नीट वागणारा सभ्य माणूस आहे. त्याला खलनायक न केल्याबद्दल पटकथेचे श्रेय मान्य करावे. पण त्यामुळेच शेवटाकडचा हॉटेलातला प्रसंग अडचणीचा होतो. एकाच वेळी दोन टेबले सांभाळत वेष बदलत राहणाऱ्या डॅनियलची तारांबळ उत्तम बांधली आहे, यात शंका नाही. मात्र स्टूला मिरचीचे वावडे आहे हे माहीत असूनही डॅनियल त्याच्या ताटात तिखट घालतो आणि स्टूचा श्वास कोंडतो. लगेच डॅनियलच त्याला वाचवतो आणि त्या झटापटीत मुखवटा फाटून बिंग फुटते. कथेची गरज भागली, तरी एका निरपराध माणसाचा जीव धोक्यात घातल्याचा हिशेब मागे राहतोच. अशा ठिकाणी ‘विनोदीच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

शक्याशक्यतेवर फार शाई खर्च करू नये. प्रत्यक्षात ती रंगभूषा वेगवेगळे तुकडे चेहऱ्यावर चिकटवून काही तासांत उभी राहत असे, आणि चित्रपटात डॅनियल मुखवटा क्षणात चढवतो. एवढी सूट फार्सला द्यावीच लागते. फक्त चित्रपटाने स्वतः घालून घेतलेला नियम तो पाळतो का, हे पाहावे. काळाचा परिणाम मात्र तपासावा. साडीचोळी असो की स्कर्ट, बाईच्या कपड्यातला पुरुष दिसला म्हणून हसायचे, हा विनोद आता लवकर विटतो. विल्यम्स यांची मिसेस डाउटफायर जिथे स्वतंत्र, करारी, मायाळू व्यक्ती म्हणून उभी राहते तिथे ती आजही ताजी वाटते. ख्रिस तिला उभ्याने लघवी करताना पाहून घाबरतो, तिथले हसू मात्र जुने झाले आहे.

शेवटाचे परीक्षण करताना तो सुखान्त आहे एवढे म्हणून भागत नाही, ते सुख कोणत्या अटीवर मिळाले ते पाहावे लागते. सोंग उघड झाल्यावर न्यायाधीश डॅनियलवर आणखी कडक बंधने घालतात. त्याच्या अभिनयाला न्यायालयात टाळी मिळत नाही. मिरांडा पुढे मुलांना भेटण्याची वाट मोकळी करते, पण नवरा-बायको पुन्हा एकत्र येत नाहीत. याच कल्पनेवरच्या ‘चाची ४२०’ (१९९७) मध्ये जोडपे अखेर एकत्र येते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर मूळ चित्रपटाने किती मोठा मोह टाळला हे लक्षात येते. मुख्य प्रवाहातल्या कौटुंबिक विनोदपटाने घटस्फोट कायम ठेवून मुलांना धीर देणे, हे धाडस त्याच्या सर्व सैलपणाहून मला मोठे वाटते.

प्रत्यक्ष लिहिताना या सगळ्या टिपणांतून दोन-तीनच मुद्दे निवडावेत आणि प्रत्येक मताला प्रसंगाचा आधार द्यावा. ‘विनोद दर्जेदार आहे’ हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला लागू पडते, ‘प्रत्येक उपायातून नवी अडचण निघते’ हे फक्त त्या चित्रपटाला. बिंग कसे फुटते ते नव्या चित्रपटाच्या परीक्षणात सांगू नये, तीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाबद्दल लिहिताना मात्र शेवटाची चर्चा टाळली तर परीक्षण अपुरे राहते, म्हणून सुरुवातीलाच तशी सूचना देऊन मोकळे व्हावे. संवाद आठवणीतून अवतरणचिन्हांत घालू नयेत, चित्रपट लावून एकदा पडताळून घ्यावेत.