मोदक फॉन्ट वापरताय? मग त्याच्या फटी सांभाळा

मोदक म्हणजे मराठीतला सगळ्यात गुबगुबीत फॉन्ट म्हटलं तरी चालेल, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि लायसन्स ओपन, त्यामुळं पॅकिंगवर, बोर्डवर बिनधास्त वापरा. अक्षर इतकं फुगलेलं की पोटात जागाच नाही, 'ब'च्या गोलात एरवी मोकळं असतं तिथं नुसती चाकूनं चीर दिल्यासारखी फट. आपण अक्षर ओळखतो ते त्या फटीवरून. ती बुजली की संपलं.

मला हे कळलं मावशीच्या शेंगा चटणीच्या पाऊचवर. कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तेव्हा एकदम झकास दिसत होतं, छापून आलं तर शाई पसरून सगळ्या फटी गायब, आणि मावशी म्हणते, "काय रे हे, चटणी सांडल्यासारखं दिसायलंय." दोनशे पाऊच घरात पडून आहेत अजून.

तर आता मी काय करतो, आधी साध्या कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढायची, भिंतीला चिकटवायची आणि दहा पावलं मागं जाऊन वाचायचं. पाऊचवर अक्षर दोन बोटं उंच बसत नसेल तर मोदक नको. लाल पट्ट्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर उलट फायदा होतो, कारण तिथं शाई फटीतच असते, ती पसरली की फट उलट जाड होते. आउटलाइन द्यायचीच असेल तर गडद रंगाची द्या आणि ती अक्षराच्या मागं राहील असं बघा, वर आली की अक्षरच खाऊन टाकते. गाडीवरच्या रेडियमसाठी तर विचारूच नका, त्या बारीक पट्ट्या सोलताना फाटतात.

फ्लेक्सवाल्याकडं जाताना अजून एक भानगड. बऱ्याच जणांकडं कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असतं, त्यात युनिकोड (मोबाइलवर टाइप करतो तसलं) मराठी टाकलं की वेलांटी एकीकडं आणि जोडाक्षर दुसरीकडं. इंकस्केप हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाइप करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीडीएफ द्या. पण त्याच्या आधी शुद्धलेखन बघून घ्या, नंतर ते अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल लावणार असाल तर 'गड्डा'तला 'ड्ड' जवळून तपासा, दोन जाड अक्षरं एकावर एक आली की गोळा व्हायला वेळ लागत नाही.

कुठं शोभतो? खाऊ, आइस्क्रीम, लहान मुलांचा वाढदिवस, गणपती मंडळ. एक-दोन शब्द, बास. पत्ता, किंमत, वजन असलं बारीक सगळं मुक्ता फॉन्टमध्ये टाका, तोही एक टाइपचाच आहे आणि 7 जाडींत मिळतो. आणि कृपा करून 'भावपूर्ण श्रद्धांजली' मोदकात लिहू नका, मी बघितलंय, हसू दाबायला लागलं.

आपल्या सोलापुरात अर्ध्या पेठेत घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, आणि मोदकात त्या लिप्या नाहीत. बोर्ड दोन-तीन भाषांत पाहिजे असेल तर एक टाइपचाच बलू फॉन्ट घ्या, जरा कमी जाड पण तसाच खेळकर, कन्नडचा बलू तम्मा आणि तेलुगूचा बलू तम्मुडु, दोन्हींचा अर्थ धाकटा भाऊ. घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मित्राला तम्मुडु हे नाव सांगितलं तर त्यानं पुढचं काही न ऐकता तोच फायनल केला.